तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

आर्व्हिड लिंडक्विस्ट हा मिनेसोटातल्या त्या गावचा जुना वायरमन. विजेच्या खांबांवर चढण्यात उमर गेली, पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की गड्याच्या अंगावर काटा. कंबर धरली होती तेव्हासुद्धा दारातलं बर्फ स्वतःच उपसत होता. कसा आहेस विचारलं की म्हणायचा, "वाईट नाही." आता काय बोलायचं अशा माणसाला!

गावाची रीतही आढेवेढ्यांचीच. कॉफी विचारली की पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप." पहिल्या झटक्यात हो म्हणेल तो हावरट. तिसऱ्यांदाही नको म्हटलं, तर मात्र ते खरंखुरं नको. पुढे विचारायची सोय नाही.

शेजारची मार्लिस विधवा. घर विकून ती ॲरिझोनाला लेकीकडे निघाली आणि आर्व्हिडची झोप उडाली. बायको गेल्यापासून संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून मार्लिसशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, एवढंच त्याला सुख होतं. तिचं भांडं परत करायच्या निमित्ताने तो गेला. भांडं रिकामं देत नाहीत, म्हणून आत स्वतः केलेला, तळाला करपलेला केक.

"माझ्याकडेच राहा की. घर मोठं आहे," तो भांड्याकडे बघत म्हणाला.

"छे, तुला कशाला त्रास."

"त्रास कसला?"

"नको रे, राहू दे."

झाले दोन नकार. आणि हा शहाणा "उद्या पाऊस येईलसं दिसतंय" म्हणून घरी परतला! तिसऱ्यांदा नाही म्हणाली तर सगळंच संपलं, या धास्तीने मूग गिळून बसला.

जायच्या दिवशी निरोप दारात झाला, अंगणात झाला, गाडीच्या काचेशी झाला. तिथे कुणी एका निरोपात जातच नाही.

"टायरची हवा बघितलीस?"

"बघितली."

"आणि ऑइल?"

"तेही बघितलं."

आर्व्हिडकडचं विचारायचं संपलं. मार्लिसने गाडी बंद केली.

"आठवडाभर वाट बघतेय मी, आर्व्हिड. दोनदा विचारून पळालास."

"तू नाही म्हणालीस तर?"

"म्हणाले तर म्हणाले. पण तिसऱ्यांदा विचार तरी, मेल्या."

वादळात खांबावर लटकतानाही तो एवढा घाबरला नव्हता. त्याने टोपी काढली. "मार्लिस, तू माझ्याकडे..."

"हो," ती म्हणाली.

तरी त्याने वाक्य शेवटपर्यंत पुरं केलं. ते तोंडातून निघायला त्याला फार वर्षं लागली होती.