मनोरुग्ण वॉर्डात माझीच तपासणी

रुग्णाच्या फाइलीत निदान मावते, औषधे मावतात. उरलेले सगळे परिचारिकांच्या चहाच्या टेबलावर साचत जाते. मनोरुग्ण-परिचर्येत पदव्युत्तर शिक्षण घेताना आता मीही तिथे भर घालते. पुढचे किस्से मी विद्यार्थिनी असतानाच्या पहिल्या पोस्टिंगचे, गोवा घटकराज्य होऊन दोनेक वर्षे झाली होती तेव्हाचे. नावे बदलली आहेत, आणि आठवण जिथे पक्की आहे तेवढेच लिहिते आहे.

* * *

डिचोलीहून निघताना आईने बजावले होते, त्या वॉर्डात कुणाच्या डोळ्यांत पाहायचे नाही. मी आज्ञाधारकपणे फरशीकडे पाहत सर्वण गावच्या सुशीलाबाईंना नाव, वय, झोप, भूक असे सगळे विचारले. त्यांनी नीट उत्तरे दिली, स्वतःचा एकच प्रश्न विचारला: चवथीच्या गणपतीला घरी सोडाल ना? मग वॉर्डप्रमुख परबबाईंना जवळ बोलावून, माझ्याकडे बोट करून हळूच म्हणाल्या,

"ह्या चेडवाक कितें तरी जालां. डॉक्टराक दाखय."

* * *

राउंडच्या वेळी मी "स्किझोफ्रेनियाची बाई" असा उल्लेख केला. महिन्यापूर्वी मला टायफॉइड होऊन गेल्याचे परबबाईंना ठाऊक होते.

"हं, टायफॉइडच्या मुली," त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढे सांग."

* * *

सुशीलाबाई म्हणाल्या, घरी वाळत घातलेले पांढरे लुगडे संध्याकाळपर्यंत तांबडे होते, तुळससुद्धा तांबडी दिसते. मी ठळक अक्षरांत लिहिले: दृष्टिभ्रम.

डॉक्टरांनी नोंद वाचून त्यांचे घर कुठे ते विचारले. लोहखनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्याला, मी म्हणाले.

"आणि तुझे?"

"त्याच रस्त्याला, सर."

आई माझा पांढरा युनिफॉर्म अंगणाऐवजी स्वयंपाकघरात का वाळवते, ते मला तेव्हा आठवले!

* * *

सुशीलाबाईंकडून मी त्यांच्या तिन्ही गोळ्यांची नावे आणि वेळा पाठ करून घेतल्या होत्या. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी तेच मला विचारले आणि एका गोळीची वेळ मी चुकले. खाटेवरून दुरुस्ती आली. परीक्षक हसले, म्हणाले, शिकवणे तरी चोख आहे, आणि त्याचेच गुण दिले. त्या गुणांइतका अभिमान मला पुढे पदवीचाही वाटला नाही.

* * *

चवथ चार दिवसांवर आली. डॉक्टरांनी सुशीलाबाईंना घरी न्यायला केव्हाच सांगितले होते. भाऊ मात्र दोनदा येऊन एकटाच परतला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हाही दारातच उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. घर पाहुण्यांनी भरणार, इतके महिने बहीण कुठे होती असे गाव विचारणार, तेव्हा काय सांगायचे, हे त्याने परबबाईंना विचारले. परबबाईंनी सुशीलाबाईंकडे पाहिले.

सुशीलाबाई लुगड्याची घडी करत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

"वयनी बाळंत जावन हॉस्पिटलातसून घरा आयली, तेन्ना तुवें गावभर पेडे वाटले," त्या भावाला म्हणाल्या. "आतां म्हजेय पेडे वाट."

भाऊ दारातून आत आला आणि त्याने बहिणीचे गाठोडे उचलले.

पंधरा दिवसांनी, तपासणीच्या नेमक्या तारखेला, दोघे आली. भावाने परबबाईंच्या टेबलावर एक लहानसा पुडा ठेवला.

"गावांत वाटून इतलेच उरले, बाई."