पूर्वेला तोंड केलेला साचा

कराडच्या आमच्या कॉलेजात बिरदेव प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून लागला, त्याला एकवीस वर्षं झाली. मी तिथली स्टोअरकीपर, म्हणजे त्याच्या सगळ्या भानगडींची साक्षीदार. माणूस माणदेशातला, मेंढरांमागं वाढलेला. डोक्यानं तल्लख, पण देवाच्या बाबतीत कुणाच्या बापाला ऐकायचा नाही.

अंकिता तिथं पीएचडी करते. केसाहून हजारो पट बारीक कार्बनच्या नळ्या पातळ रेझिनमध्ये कालवायच्या, चौकोनी साच्यात ओतायच्या, साचा दोन पत्र्यांच्या मधे ठेवून पत्र्यांना वीज जोडायची. विजेच्या ओढीनं नळ्या एका पत्र्याकडून दुसऱ्याकडे अशा रांगेत वळतात, मग रेझिन घट्ट होऊन वडी होते. त्या वडीची पट्टी कापून यंत्रात ताणायची. वीज दिलेली पट्टी जास्त ताण सोसते, एवढं तिला दाखवायचं होतं. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर विषय बदला, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलेलं. चार वर्षांवर पाणी.

दसऱ्याआधी दोन पट्ट्या झकास निघाल्या. दसऱ्यानंतर एकही धड निघेना, सगळ्या कटाकट तुटायच्या. पोरगी रडकुंडीला येऊन माझ्या स्टोअरच्या दारात बसली. मला तर त्या यंत्राला लाथ घालावीशी वाटली. बिरदेव चहा घेऊन आला.

"ताई, नळ्या वळत्यात म्हंजे नेमकं काय व्हतं?"

तिनं समजावलं.

"म्हंजे पिंजलेल्या लोकरीगत. लांबीनं ओढली तर ताण धरती, आडवी ओढली की फाकती," असं म्हणाला आणि हातातली बशी त्यानं खाली ठेवली. चहा बशीत तसाच राहिला.

"ताई, खंडेनवमीला मी साच्याची पूजा केली. त्येच्यावरची लाल खूण उत्तरेच्या पत्र्याकडं व्हती. देवाचं तोंड पूर्वेला पायजे, म्हणून फिरवला. भंडारा लागल्यावर परत कसा फिरवू? तवापासनं रोज तसाच ठेवतोय."

पट्ट्या कापायच्या त्या खुणेवरूनच, आणि पत्रे तर जागचे हलले नव्हते. म्हणजे दोन आठवडे प्रत्येक पट्टीत नळ्या आडव्या पडत होत्या.

नुकतीच तुटलेली पट्टी ज्या वडीची, तिच्याच उरलेल्या तुकड्यातून अंकितानं दुसऱ्या दिशेनं पट्टी कापली. यंत्रावरचा आकडा चढत गेला, चढतच गेला. बिरदेव हात जोडून उभा. अंकितानं मला मिठी मारली, चहा माझ्या साडीवर, आणि तिघंही खुळ्यासारखे हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशी सर दोन्ही पट्ट्या बघून म्हणाले, "एकाच वडीची उभी पट्टी दमदार, आडवी कच्ची. नळ्या विजेनंच वळल्या, याला आणखी पुरावा कशाला? दोन्हीकडून तपासायची कल्पना कुणाची?"

अंकिता तोंड उघडणार, तेवढ्यात बिरदेव पुढं. "कल्पना न्हाई सर, चूक हाय. माजी."

सरांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या खंडेनवमीला मला आधी सांगून चूक करा."

विषय बदलला नाही. आता प्रत्येक वेळी दोन वड्या होतात, एक उभ्या नळ्यांची, एक आडव्या, आणि साच्यावर दोन खुणा आहेत, एक लाल, एक भंडाऱ्याची पिवळी. पिवळी खूण पत्र्याकडं करून साचा ठेवताना अंकिता आधी चप्पल काढते, मी बघितलंय.