करंजीचा घाट, पुढचे ब्रेक आणि कुसुम

माझ्या बायकोचं, कुसुमचं पोस्टकार्ड आलं त्याच दिवशी मी नगरला जायचं पक्कं केलं. कार्डावर चारच ओळी होत्या. सगळे खुशाल, थंडी बरीच पडली आहे, अण्णांचा खोकला उतरला, प्रकृतीला जपावे. परत येण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आठ महिने असंच चाललं होतं. मी कार्ड उलटसुलट करून पाहायचो, पत्त्याच्या बाजूला तरी काही लिहिलं असेल म्हणून.

लढाई संपल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. पाथर्डी ते नगर तेहतीस मैल. त्या रस्त्यावर मी माझी पिकअप चालवतो. पुढे दोघांची बसायची जागा, मागे उघडा हौदा. किराणा, रॉकेलचे डबे, हरभऱ्याची पोती, कधी दवाखान्यात न्यायचं माणूस, जे मिळेल ते. आमच्या घरात आजोबांपासून सगळे शाळामास्तर. मीच एकटा स्टिअरिंग धरणारा निघालो. गाडी लढाईच्या आधीची, म्हणजे तिचे ब्रेक सळयांवरचे. पायाखालच्या पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी सळया जातात आणि त्या ओढल्या की चाक धरलं जातं. नवीन असताना ठीक. सांधे झिजले की देवाचं नाव घ्यायचं.

चैत्रात कुसुमला नगरहून घेऊन येत होतो. तिला पाचवा महिना होता. करंजीचा घाट उतरताना दुसऱ्या वळणावर पेडल पार खाली गेलं आणि गाडी सुटली. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला दरड. मी गाडी दरडीवर घातली. मला खरचटलं. कुसुमच्या अंगावर एक जखम नव्हती, पण पोटातलं गेलं.

दवाखान्यातून ती नगरलगतच्या भिंगारला तिच्या थोरल्या भावाकडे, अण्णांकडे गेली आणि तिथंच राहिली. अण्णा कचेरीत कारकून, सरळ माणूस. मी दोनदा न्यायला गेलो. दुसऱ्या वेळी सर्व्हिस मोटारीची दोन तिकिटं काढूनच गेलो होतो. तेव्हा ती म्हणाली, "मोटारीनं मी येईनही हो. पण तुम्ही रोज त्याच गाडीनं तोच घाट उतरणार. मी रोज संध्याकाळी दारात उभं राहायचं, आली का, आली का म्हणून. ते मला जमणार नाही."

मी गाडी विकतो म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "मग तुम्ही तुम्ही राहणार नाही."

एवढ्यावर ते थांबलं होतं. मग कार्तिकात मला कुणीतरी सांगितलं की भिंगारच्या माळावर लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्या विकायला आल्यात, आणि तिथला एक मिस्त्री जुन्या गाड्यांना त्यांचे तेलाचे ब्रेक बसवून देतो.

सकाळी सातला पाथर्डी सोडली. कुणी या दिवसांत निघणार असाल तर घोंगडी घ्या, उघड्या गाडीत गुडघे गारठतात. तिसगावपर्यंत रस्ता खडीचा, पण बरा आहे. तिथं चहा मिळतो, गुळाचा आणि दाट. पुढे करंजीपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आलेली, कणसं दुधात भरलेली. पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. मागच्या वर्षी याच दिवसांत कुसुम शेजारी होती आणि मला सारखं गाडी हळू घ्यायला लावून शेतं बघत होती. आता शेजारच्या जागेवर पेट्रोलचा डबा होता.

करंजीत भागाबाईच्या दारात थांबलो. अपघाताच्या दिवशी हिनंच कुसुमला बाजेवर घातलं होतं, स्वतःचं लुगडं फाडून दिलं होतं. गाडीचा आवाज ऐकून ती बाहेर आली.

"बाई कश्या हायेत?"

"बऱ्या आहेत. आणायलाच चाललोय."

तिनं गाडीकडे पाहिलं. "ह्याच गाडीतनं?"

"ब्रेक बदलून घेणार आहे."

"बदला, बदला. लई येळा सांगनार हुते तुमाला," ती म्हणाली आणि माझ्या हातात भाजलेल्या हुरड्याची पुरचुंडी ठेवली. लसणाची चटणी वेगळी बांधली होती.

घाट चढताना ब्रेकचं काम नसतं, इंजिनाचं असतं. पहिल्या गिअरमध्ये चढा, पाण्याचा डबा भरून ठेवा, आणि थांबलात तर मागच्या चाकाला धोंडा लावल्याशिवाय उतरू नका. वरून दुसऱ्या वळणावर, गाडी आदळून दरडीत पडलेला खोलगा अजून तसाच होता. मी तिकडे न बघता गाडी वर घेतली. मेहेकरीच्या पुढे डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसला की नगर आलं असं समजायचं.

माळावरच्या त्या मिस्त्रीचं नाव करीमभाई, पण सगळे उस्ताद म्हणतात. साठीचा माणूस, दाढी पांढरी, नखं काळी. त्यांनी गाडीखाली सरकून एकेक सळई हातानं हलवली आणि बाहेर येऊन मला एकच विचारलं, "घाट उतरता याच्यावर?"

"रोज."

"अल्ला मेहेरबान आहे तुमच्यावर." मग ते मातीत बोटानं रेघा काढत समजावून सांगू लागले. "सळईला वाटेत इतके सांधे. एकेक सांधा थोडा जोर खातो. एका चाकाला जास्त पोचतो, दुसऱ्याला कमी. तेल काही खात नाही. जेवढं दाबाल तेवढं दोन्ही चाकांना सारखं. आणि उतारावर गाडीचा सगळा भार कुठं येतो? पुढं. म्हणून पुढचे आधी बदलायचे."

तीन दिवस लागतील म्हणाले. मी नगरात माळीवाड्याजवळ एका खाणावळीत वळकटी टाकली. आठ आण्यांत भाकरी, पिठलं, कांदा, आणि वाढणारा मायाळू. जावयानं सासरी उतरायचं सोडून खाणावळीत राहावं हे अण्णांना लागलं असणार, पण मला तिच्या घरात पाहुणा होऊन झोपवत नव्हतं.

संध्याकाळी भेटायला गेलो. तिनं चहा आणून दिला आणि खांबाला टेकून उभी राहिली. केसांत शेवंतीचं फूल होतं. चेहरा भरला होता, ते पाहून बरं वाटलं आणि वाईटही. माझ्यावाचून ती बरी होत होती.

"तेलाचे ब्रेक बसवतोय," मी म्हणालो.

अण्णा म्हणाले, "लष्कराच्या भंगारातले ना?"

"भंगारातले, पण उस्तादांनी निवडून घेतलेत. आतले घासणारे पट्टे नवीन बसवणार."

मी निघताना कुसुम दारापर्यंत आली. "तुम्ही वाळलात," एवढंच म्हणाली. भिंगारपासून माळीवाड्यापर्यंत मी ते दोन शब्द घेऊन चालत आलो.

दुसरा दिवस सगळा लोखंडात गेला. पुढची चाकं उतरली, जुने ब्रेक निघाले. अपघातानंतर मी सांधे तेवढे आवळून घेतले होते, पट्टे तेच होते, आणि त्यातला डावा झिजून कागदासारखा पातळ झाला होता. उस्तादांनी तो माझ्या हातात दिला. मी त्यावर अंगठा फिरवत बराच वेळ बसलो. एवढ्याशा झिजेपायी आमचं घर ओस पडलं होतं. लष्करी गाडीचे ब्रेक आमच्या आसाला बसेनात, तेव्हा उस्तादांनी दिवसभर कानस चालवली आणि चार नवी भोकं पाडली. नवे पट्टे तांब्याच्या रिबिटांनी ठोकले. मी दिवा धरला, पाने पुसले, चहा आणला.

तिसऱ्या दिवशी दुपारी टांगा येऊन थांबला. आतून अण्णा उतरले आणि त्यांच्या मागून कुसुम.

"मला बघायचंय," ती म्हणाली. पदर खोचून ती गाडीपुढे उकिडवी बसली आणि चाकामागे जाणारी तांब्याची बारीक नळी तिनं निरखून पाहिली. मग उस्तादांना विचारलं, "ही नळी फुटली तर?"

मी इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारला नव्हता. उस्ताद ताठ बसले. "फुटली तर तेल जाईल बाई, आणि पुढचे ब्रेक जातील. म्हणून मागचे मी सळईवरच ठेवले. सांधे सगळे नवीन घातलेत. एक गेला तर दुसरा आहे."

"दोन्ही एका वेळी जाणार नाहीत?"

"मशीन आहे. शपथ कशी घेऊ? पण माझ्या लेकीला बसवीन मी यात."

कुसुमनं मान हलवली. मग उस्ताद म्हणाले, आता नळीतली हवा काढायची, त्याला तीन माणसं लागतात. एकानं पेडल दाबायचं, एकानं वरून डब्यात तेल ओतायचं, आणि ते स्वतः चाकापाशी स्क्रू सोडणार. नळीत हवा राहिली तर पेडल पोकळ लागतं. अण्णा पुढे झाले, पण त्यांच्या आधी कुसुम गाडीत चढून बसली.

"दाबा," उस्ताद खालून ओरडले. "धरा. सोडा. पुन्हा दाबा."

चाकापाशी धरलेल्या बाटलीत तेलाबरोबर बुडबुडे येत होते. मी तेल ओतत होतो आणि माझं लक्ष तिच्या पायाकडे होतं. चप्पल काढून अनवाणी पायानं ती दाबत होती. तळव्याला पेडलच्या रेघा उमटल्या होत्या.

"पोकळ लागतंय," ती म्हणाली.

"अजून हवा आहे. दाबा."

किती वेळा दाबलं कुणास ठाऊक. मग एकदा तिचा पाय मध्येच अडला. तिनं पुन्हा दाबून पाहिलं, सगळा जोर लावून.

"आता जात नाही खाली," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे नीट पाहत होती. डोळ्यांत पाणी होतं. "त्या दिवशी असं लागायला हवं होतं."

मी तेलाचा डबा खाली ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णांच्या दारात गाडी लावली, तेव्हा तिची ट्रंक ओट्यावर होती. अण्णांनी ती हौद्यात ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत निघून गेले. मेहेकरीपर्यंत आम्ही रस्त्याबद्दल बोललो. खडी कुठं नवीन टाकलीय, पूल कधी होणार, असलं.

घाटमाथ्यावर ती म्हणाली, "थांबा. मी इथून चालत येते. त्या वळणापर्यंत."

"मीही येतो बरोबर."

"नाही. तुम्ही गाडी घेऊन जा, आणि तिथं उभी करा. धोंडा लावू नका, हँडब्रेक ओढू नका. पायच ठेवा."

मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. दरडीतल्या खोलग्यापाशी पेडल दाबलं, गाडी उभी राहिली. इंजिन बंद केलं, गिअर काढला. माझा पाय आणि ते नवे ब्रेक, बाकी काही नव्हतं. ऊन कोवळं होतं, खालच्या शेतातून माणसांचे आवाज येत होते. आरशात ती येताना दिसली, पदर डोक्यावर घेतलेली, हळूहळू.

ती गाडीजवळून पुढे गेली आणि थेट गाडीसमोर, उताराच्या बाजूला उभी राहिली. माझ्यापासून चार हातांवर, तोंड दरडीकडे.

"कुसुम, बाजूला हो."

"पाय काढू नका," ती न वळता म्हणाली.

मी दोन्ही पाय पेडलवर ठेवले. ती त्या खोलग्याकडे बघत राहिली. तिथं आता गवत वाढून वाळलं होतं. तिनं वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला. खांदे हलत होते. मला उतरून तिच्याजवळ जायचं होतं आणि तेवढंच मला करता येत नव्हतं. आयुष्यात एखाद्या जागी बसून राहणं मला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

गाडी बोटभरही सरकली नाही.

मग तिनं डोळे पुसले, वळली, आणि शेजारी येऊन बसली. "चला."

उरलेल्या घाटात तिच्या बाजूला पेडल नव्हतं, तरी प्रत्येक वळणावर तिचा पाय खाली दाबला जात होता. करंजीत भागाबाईनं तिला पोटाशी धरलं आणि दोघी दाराआड कितीतरी वेळ बसल्या. मी बाहेर पुढच्या चाकांवर हात ठेवून पाहिला. दोन्ही सारखीच गरम होती.

असे ब्रेक बसवून घेणाऱ्यांना सांगतो. तेलाचा डबा आठवड्यातून एकदा उघडून पाहा. पेडल पोकळ लागलं तर गाडी जागची हलवू नका. आणि ब्रेक कितीही चांगले असोत, घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. मला स्वतःला विचाराल तर ब्रेकनं मागचं काही परत येत नाही. ते येईल असं मी मनातून धरून बसलो होतो, हे मला घरी आल्यावर कळलं. कुसुम आली, चूल पेटली, आणि तरी घरात कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटत राहिलं. तिलाही वाटत होतं. आता निदान दोघांना एकाच छपराखाली वाटत होतं.

संध्याकाळी ती ट्रंक लावत बसली होती. लुगडी, पोलकी, अण्णांनी दिलेली पोथी. तळातून तिनं खणाची एक छोटी कुंची काढली, तान्ह्या मुलाच्या डोक्याला बांधतात ती. काठाला बारीक टाक्यांची वेल होती. शिवायला घेतली होती फाल्गुनात. पुरी केली होती भिंगारला, नंतर, त्या आठ महिन्यांत.

ती कुंची हातात धरून कपाटासमोर उभी राहिली. "कुठं ठेवू?"

मी वरच्या फळीवरची माझी कागदपत्रं बाजूला सारली. "इथं," मी म्हणालो, "हाताला येईल अशी."