दिगूशेठ, माघारी फिर

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की टिंगल करणाऱ्यांत मी पहिला. विमान हवेवर आणि इंजिनावर चालतं, तिसरं काही नसतं, असं मी विद्यार्थ्यांना शिकवायचो. तरी हे लिहितोय... कारण सध्या लोक मला खोटारडा म्हणतात.

मी इंदापूरजवळच्या बावड्याचा. बारामतीत विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत इन्स्ट्रक्टर होतो. आम्ही चौघं. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत ड्युटी, पगार उड्डाणाच्या तासांवर, त्यामुळे नादुरुस्त विमानालाही नाही म्हणायची सोय नाही. सगळ्यात जुन्या विमानाला आम्ही ‘म्हातारी’ म्हणायचो. तिचं इंजिन तेल प्यायचं. कॅन्टीनमध्ये रोज वाद — कुणी म्हणे आधी पगाराचं बोलू, कुणी म्हणे ड्युटीचं. एकमत झालं ते फक्त म्हातारीवर : इंजिन बदलेपर्यंत तिच्यात कुणीच बसायचं नाही.

जळोचीचा दिगंबर माझा जिवलग. त्याला दिगूशेठ म्हणणारा मी एकटाच. तोच म्हणाला, “नुसतं तोंडानं न्हाय. बेल-भंडार उचलून शपथ घिऊ.” उजनी धरणाचं पाणी ओसरलं होतं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. तिथं जाऊन चौघांनी तळहातावर बेल आणि भंडारा घेतला. आमच्याकडं याच्यापुढं शब्द नसतो. परत येताना मला फार बरं वाटत होतं.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मॅनेजरनं मला बोलावलं. “सगळ्यांना फितवणारे तुम्हीच ना?” शेजारी दिगंबर उभा... चीफ इन्स्ट्रक्टर होऊन!

“मला बी घरदार हाय,” तो म्हणाला. “शपथेवर चूल पेटत न्हाय.” आणि माझ्यादेखत तो म्हातारीची तयारी करायला गेला.

मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं. ओळखपत्र आणि विमानाशी बोलायचा हातातला रेडिओ गेटवर जमा केला आणि मोटरसायकल काढून गावाकडं निघालो. इंदापुरात चाक पंक्चर झालं. दुकानातल्या बाकड्यावर बसून मनातल्या मनात दिगंबरला शिव्या घालत होतो, एवढंच मला आठवतं.

संध्याकाळी कंट्रोल टॉवरवर रेडिओ सांभाळणाऱ्या तात्यांचा फोन आला. म्हातारी वर गेली, गाव ओलांडून पुढं गेली, आणि रेडिओवर आवाज आला. रेडिओवर आम्ही इंग्रजीच बोलतो, हा आवाज मराठीत — “दिगूशेठ, ऑइल बघ! माघारी फिर!” दिगंबरनं ऑइलच्या काट्याकडं पाहिलं. प्रेशर उतरत होतं. तो तिथूनच वळला. चाकं धावपट्टीला टेकली आणि इंजिन जाम झालं.

तो वाचला हे ऐकून मला रडू आलं, खोटं सांगत नाही. त्याचा फोन येईल म्हणून वाट बघत राहिलो. आली ती चौकशीची नोटीस.

चौकशीत दिगंबर माझ्याकडं न बघता बोलला, “ह्यानंच इंजिनात कायतरी केलं असणार. न्हायतर ऑइलचं ह्याला कळलं कसं?”

तात्यांचे डोळे पाणावले होते. “आवाज तुझाच हुता लेकरा. मी न्हाय कसं म्हणू?”

मी इंदापुरात होतो याला साक्षीदार एकच, पंक्चरवाला. त्याला गाठलं. तो हसून म्हणाला, “व्हय की, हितंच बसला हुतासा. आन मधीच केवढ्यांदा वराडलासा! दिगूशेठ, माघारी फिर म्हणून. मला वाटलं फोनवर हायसा...”

माझा फोन तेव्हा बंद पडला होता. आतल्या भिंतीला चार्जिंगला त्यानंच लावला होता!

“येऊ का साक्षीला?” त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. मी ओरडलो, हेच तर तो सांगणार.

नोकरी गेली, लायसन्सचं काय होईल माहीत नाही. मी खरंच ओरडलो का, ओरडलो तर तिकडं विमानात ऐकू कसं गेलं — उत्तर नाही. पण रात्रंदिवस डोक्यात राहतं ते वेगळंच. वर असताना दिगंबरला एका हाकेत पटलं की हा माझा मित्र आहे, आपल्याला वाचवतोय. कोण, कुठून, काही न विचारता तो वळला. खाली उतरल्यावर त्यानंच सांगितलं, “ह्याला मला मारायचं हुतं.”