धार नसलेली छिन्नी

आमच्या हिच्या ट्रंकेत तळाला एक लोखंडी वस्तू होती. लग्न होऊन घाटकोपरला आली तेव्हा ट्रंकेबरोबर तीही आली. वीतभर लांब, मुठीत बसेल असा गोल दांडा आणि खाली पंख्यासारखी पसरलेली पाती. दिसायला छिन्नी, पण धार नाही. धारेच्या जागी जाड बोथट कड, आणि त्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक खाच.

चाळ पाडून टॉवर होणार, म्हणून आम्हाला भाड्याच्या खोलीत जायचं होतं. मुलगा सामान काढत होता. ती वस्तू हातात घेऊन म्हणाला, "बाबा, ही भंगारात टाकू?"

"माझ्या बापाची आहे ती," ही आतून म्हणाली. "ठेव खाली."

हिचा बाप ही लहान असतानाच गेला. त्याचा चेहरासुद्धा हिला आठवत नाही. मग आई हिला घेऊन मालवणाकडून मुंबईला भावाकडे आली आणि गावाचा विषय कायमचा बंद केला. हिला आठवतं ते एवढंच, की अंगणात बापाच्या शेजारी बसून ती मांडीवर कापूस वळायची, लांबच्या लांब वाती. बाप त्या तेलात बुडवायचा. त्यावरून हिनं धरून ठेवलं की बाप देवळाला वाती द्यायचा, आणि ही वस्तू दीपमाळेची काजळी खरवडायची. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या देवळात ही लग्न झाल्यापासून वाती देत आली. बापाची सेवा म्हणायची. तिच्या वाती जाडजूड. चाळीतल्या बायका हसायच्या, "मावशी, वात आहे का दोरखंड?" ही म्हणायची, "आमच्याकडे अशाच असतात."

आता चाळ सोडण्याआधी ही वस्तू देवळात द्यायची असं तिनं ठरवलं होतं. पुजाऱ्याशी बोलणंही झालं होतं. तो ती समईशेजारी ठेवणार होता.

इतकी वर्षं मी त्या वस्तूकडे नीट बघितलं नव्हतं. बायकोच्या ट्रंकेत हात घालायची सवय मला नाही. पण त्या दिवशी उजेडात घेऊन बघितली. मी चौथी शिकलोय. पण मिलच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला माझा. लोखंडानं काय काम केलंय ते त्याच्या अंगावर दिसतं, ते वाचायला शाळा लागत नाही.

"यानं काजळी खरवडलेली नाही," मी म्हणालो. "खरवडायच्या अवजाराची एक बाजू झिजते. ही दोन्ही बाजूंनी सारखी आहे."

"तुम्हाला देवळातलं काय कळतं?"

"देवळातलं नाही कळत. लोखंडातलं कळतं."

मुलानं मोबाईलवर फोटो काढला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "गवंड्याची छिन्नी आहे."

"तुझ्या मोबाईलला सांग, गवंडी लोखंडी हातोडीनं ठोकतो. मग छिन्नीचं डोकं फुटून फुलासारखं होतं. याचं डोकं बघ, कसं गुळगुळीत आहे. हिला लाकडानं ठोकलंय. आणि गवंड्याला ही खाच कशाला हवी?"

"मग आहे काय ते सांगा ना."

ते मला सांगता येईना. त्याचाच राग आला होता.

सून म्हणाली, "असू दे ना बाबा. आईंना देवळात द्यायचंय, देऊ दे. काय फरक पडतो?"

मी म्हटलं, फरक पडतो. देवाच्या पुढे ठेवायची वस्तू, मग ती काय आहे हे नको कळायला? त्यावर हिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आणि देवळाची नाही निघाली तर?" ती म्हणाली. "माझ्याकडे बापाचं दुसरं काय आहे? तेवढंही काढून घ्या."

त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. जेवायला वाढायची, पण ताट जरा आपटून. मला गप्प बसता आलं असतं. सून तर तेच सांगत होती. पण लोखंडाबद्दल खोटं बोललेलं मला चालत नाही, मग ते बायकोनं देवाला सांगितलेलं असलं तरी.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीपाशी वाती वळत बसली होती. मी विचारलं, "तुझा बाप वाती बुडवायचा ते तेल कसलं होतं?"

तिनं हातातली वात पुरी केली. मग म्हणाली, "वास यायचा. आई वाटी घरात आणू द्यायची नाही. अंगणाच्या कडेला ठेवायला लावायची."

"देवाच्या तेलाला असला वास?"

तिचा हात थांबला.

"माशासारखा?" मी विचारलं.

"गप बसा आता," ती म्हणाली. पण नंतर तिनं वाती वळल्या नाहीत. कापूस तसाच पिशवीत भरला.

सकाळी उठून बघतो तर ही साडी नेसून तयार. वस्तू फडक्यात गुंडाळून त्याच पिशवीत टाकली. मला म्हणाली, "चला."

"कुठे?"

"माशाच्या तेलाचं काम जिथे असेल तिथे."

घाटकोपरहून मेट्रोत बसलो, वर्सोव्याला उतरलो, तिथून रिक्षानं कोळीवाड्यात. रस्ताभर पिशवी तिनं घट्ट धरली होती. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. बहुतेकांवर फायबर चढवलेलं. कडेला एक जुनी लाकडाची होडी ओंडक्यांवर टेकवलेली होती, रंग उडालेली. तिच्या फळ्यांच्या मधल्या फटीतून काळं काहीतरी लोंबत होतं. मी चिमटीत धरून ओढलं. कापूस होता. वळलेला, तेलानं काळा पडलेला.

मी पिशवीतून छिन्नी काढली आणि तिची कड त्या फटीवर ठेवली. बरोबर बसली. कापसाचा पीळ त्या खाचेत आला, निसटला नाही. धार असती तर कापूस तुटला असता. म्हणून धार नाही.

"ओ आजोबा," मागून आवाज आला. "होडी फोडताय काय माझी?"

जवळच बोंबील वाळत घालणारी एक कोळीण होती. माझ्या हातातलं बघून उठून आली. "हे कुठून आणलंत? माझ्या सासऱ्याकडे असलं होतं. कापूस ठासायचा यानं, फळ्यांत पाणी शिरू नये म्हणून. आता कोण करतंय? फायबर मारलं की झालं."

तिनं सांगायच्या आधीच मला कळलं होतं. ते इथे लिहून ठेवतो, कारण मुलगा ऐकून घेत नाही.

ही मात्र होडीकडे बघत उभी होती. मग तिनं कोळणीला विचारलं, "त्यांचा कापूस कोण वळायचं?"

"घरातल्या बाया, पोरं. मीसुद्धा वळलाय. हात नुसते माखायचे त्या तेलानं."

बाजूला मासळीचा पालथा घातलेला क्रेट होता. ही त्याच्यावर बसली, पिशवीतून कापूस काढला आणि साडीवरूनच मांडीवर वात वळायला लागली. लांबच्या लांब, जाड, घट्ट. गणपतीला देते तशीच. वळून झाल्यावर माझ्या हातात दिली. मी फटीत लावली, वर छिन्नी धरली. कोळणीनं लाकडाचा एक ठोकळा आणून दिला. मी ठोकत गेलो आणि वात आत बसत गेली, कुठे फुगली नाही, कुठे तुटली नाही.

"मावशी, हात बसलेलाय तुझा," कोळीण म्हणाली. "कोणी शिकवलं?"

"बापाशीन," ही म्हणाली. "होडयेचा काम करी तो."

मुंबईत इतकी वर्षं काढून ही मालवणी फक्त भांडताना बोलते. त्या दिवशी भांडण नव्हतं.

परत येताना मेट्रोत तिनं वस्तू मांडीवर ठेवली होती. फडकं काढून. समोरचा एक माणूस बघत होता, त्याचं तिला काही नव्हतं.

मी विचारलं, "पुजाऱ्याला काय सांगणार?"

"सांगेन, देवळाची नाही. आमच्या घरची आहे."

"आणि वाती?"

"त्या देणार. त्यांचं काय चुकलंय?" मग वस्तूकडे बघून म्हणाली, "आता गंज चढू देऊ नका हिला. लोखंडातलं कळतं ना तुम्हाला?"

घरी आल्यावर मी शिवणाच्या मशीनचं तेल लावून ती स्वच्छ पुसली. तिनं हातात घेतली, नाकाजवळ नेली.

"असलं नव्हतं," म्हणाली, आणि कापसाच्या डब्यात ठेवली.