उंबऱ्याबाहेरून घातलेलं प्लास्टर

"डॉक्टर, तुमी उंबऱ्यापशीच थांबा. काय करायचं ते तिथूनच सांगा. हात कंपाउंडर लावंल."

सोसायटीचा चेअरमन हे अगदी मऊ आवाजात बोलला. त्याची म्हातारी आई न्हाणीत घसरून पडली होती, नडगीचं हाड मोडलं होतं. परंड्याच्या बाजूला सरकारी दवाखान्यात हाडांचं शिकलेला डॉक्टर मी एकटाच. मला आणायला त्यानं जीप धाडली होती. जीपमध्ये मी चाललो, माजघरात नको. मी त्याच्याच गावच्या बौद्धवाड्यातला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि मी थांबलो. हे लिहिताना आजही स्वतःची किळस येते. डिग्री घेतलेला, सरकारी पगार खाणारा माणूस. पण आजा याच जागी थांबला होता, बाप थांबला होता, माझे पाय आपोआप तिथंच थिजले. शिवाय बदलीची भीती होतीच. चेअरमनचा शब्द वरपर्यंत चालायचा.

मी सांगत गेलो. कापूस जास्त घाला. आवळू नका. सूज येणार आहे, जागा सोडा. कंपाउंडर वरच्या जातीचा, माणूस वाईट नव्हता, पण प्लास्टर त्यानं जन्मात घातलं नव्हतं. त्याच्या पाठीआड मला म्हातारीचा पायही धड दिसेना. पट्टी किती ताणली ते हातालाच कळतं. तोंडानं सांगून ते होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी "झालं ना बरोबर?" असं त्यानं विचारल्यावर मी व्हय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप परत आली. म्हातारी रात्रभर ओरडत होती म्हणे. चेअरमन पुन्हा दारातच आडवा.

"तिथूनच बघा जरा, डॉक्टर."

मला तिथूनच दिसलं. प्लास्टरबाहेर आलेली बोटं काळीनिळी पडली होती.

"बाजूला व्हा," मी म्हणालो. तो हलेना. मी त्याच्या खांद्याला धक्का देऊन आत गेलो. बोटं गारढोण. टाचणी टोचली, तिला कळलं नाही. प्लास्टर वरपासून खालपर्यंत चिरलं तेव्हा आतला पाय सुजून दगडासारखा घट्ट लागला; आवळलेल्या पट्टीनं रक्त अडलं होतं. सोलापूरला न्यायचं ठरलं. कंपाउंडरनं आणि मी तिला खाटेसकट उचललं. म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"लेकरा, काल का न्हाय आलास आत?"

चेअरमन जमिनीकडं बघत होता. तिनं मला बाहेर थांबायला सांगितलंच नव्हतं.

जीप निघायच्या आत चेअरमनच्या माणसांनी माजघर धुवायला काढलं. घागरीवर घागर. दुष्काळाचं साल, गावचा टँकर त्याच्याच दारात उभा. आमच्या वाड्यातल्या बाया नदीत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. जीपमध्ये आई कण्हतेय आणि लेकाला घाई माझी पावलं पुसायची.

सोलापूरला पाय वाचला, पण पंजा लुळा पडला तो कायमचा. "राखीव जागेवरचा डॉक्टर, दुसरं काय व्हणार," असं चेअरमन गावभर सांगत फिरला. तो खोटारडा होता. पण त्या पायाचा अपराधी मीही होतो, आणि माझा अपराध त्यानं सांगितला त्याहून वेगळा होता.

पुढं मी मोठ्या इस्पितळात गेलो. चेंदामेंदा झालेले हातपाय जोडले, पोरापोरींना शिकवलं. लोक आता मला मोठे सर म्हणतात. दर वर्षी नव्या बॅचला मी पहिल्या दिवशी हीच केस सांगतो, माझी चूक म्हणून. मग माझ्या युनिटचा नियम सांगतो. डॉक्टरची जात विचारणाऱ्यापुढं मान खाली घालायची नाही. बदली होईल, होऊ दे. नोकरी जाईल, जाऊ दे. पेशंटला हात लावल्याशिवाय जो सल्ला देईल, त्याला मी त्याच दिवशी युनिटमधून काढतो. आजवर दोघांना काढलंय. तिसऱ्यालाही काढीन.