मोडीत गेलेला दिवा

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. तरी पिंपरीतल्या त्या पितळी दिव्याचं प्रकरण अजून मनातून जात नाही, कारण त्यातली चूक माझी होती.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माळरानावर नवा कारखाना उभा राहिला होता, शेजारी साहेबलोकांचे बंगले. मी चौकीचा फौजदार. एका सकाळी कारखान्याचे व्यवस्थापक फिर्याद घेऊन आले. परदेशातून हौसेनं आणलेला, जेवणाच्या टेबलावर वायरीला टांगलेला पितळी शेडचा दिवा नाहीसा झाला होता. पंचनाम्याला गेलो. छतातली वायर कापलेली नव्हती. जोड नीट सोडवून टोकांना चिकटपट्टी गुंडाळली होती. काम जाणकाराचं होतं.

दुपारी चहावाल्यानं खबर दिली. कारखान्याचा वायरमन आदल्या दिवशी बंगल्यातून सायकलला गाठोडं बांधून जाताना दिसला होता. निघोजे गावचा माणूस, तात्पुरता लागलेला, आठवड्याभरात कायम व्हायचा होता. त्याला चौकीत आणला.

"आजींनी काढाया सांगितला म्हून काढला, साहेब. वसरीवर ठिवला न् गेलो. गाठोड्यात माझी हत्यारं व्हती."

आजी म्हणजे व्यवस्थापकांच्या आई. व्यवस्थापक म्हणाले, "आईला यात ओढू नका. तिच्या कानावर चोरीसुद्धा घातलेली नाही." मलाही ते पटलं. सोवळ्यातल्या म्हाताऱ्या बाईचा जबाब घेणं मला आगाऊपणाचं वाटलं. स्वयंपाकी, माळी, ड्रायव्हर यांना मात्र उलटसुलट विचारलं. वायरमनला दोन दिवस सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवला. तो तेच सांगत राहिला. पढवल्यासारखं बोलतोय, असं मी हवालदाराला म्हणालो.

चोरीचं पितळ बहुधा मोडीत जातं, म्हणून तिसऱ्या दिवशी चिंचवडगावातल्या कासाराकडे गेलो. फुटक्या घंगाळाशेजारी ती शेड पालथी पडली होती.

"हे कुणी आणलं?"

"बंगल्यातल्या आजी आल्या होत्या टांग्यातून. मोड घातली आन् समई नेली. का हो?"

तसाच बंगल्यावर गेलो. नवी समई देवघरात होती.

"आजी, तो दिवा तुम्ही दिलात?"

"दिला की. त्याच्या उजेडात ताट दिसायचं, पण समोर जेवणाऱ्याचं तोंड दिसायचं नाही. पितळ चांगलं होतं, घातलं मोडीत. मला कुणी विचारलं का?"

व्यवस्थापक मान खाली घालून उभे होते. फिर्याद त्यांनी त्याच दिवशी मागे घेतली.

चौकीत बोलावून हे सांगितलं, तेव्हा वायरमन म्हणाला, "साहेब, गेटावर तेवढं सांगा. न्हाईतर मला कोन कायम करतंय?"

मी गणवेशातच त्याच्याबरोबर निघालो. पाळी सुटायची वेळ होती. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "परत धरला वाटतं." वायरमननं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. आत जाऊन कचेरीत सगळं रीतसर सांगितलं आणि परतलो.

तो कायम झाला. पण बंगल्यांत कामाला गेला की घरातलं कुणीतरी शेवटपर्यंत त्याच्याजवळ उभं राहायचं. माझी बदली होईपर्यंत मी हे पाहत होतो.

पुढे घरातली चोरी आली की पहिला जबाब मी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा घेत असे. एवढं त्या प्रकरणानं शिकवलं. पण गेटावर चार माणसांदेखत "याची चूक नाही, माझी आहे" असं म्हणालो असतो, तर माझ्या गणवेशाचं काही बिघडलं नसतं. तसं म्हणालो नाही, याची मला आजही लाज वाटते.